स्टेंट बसला, उपचार संपले नाहीत

हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, चार दिवसांत रुग्ण घरी परतला. मग घरातले बजावतात, 'आता पलंगावरून उठायचं नाही.' हा सल्ला मायेपोटी दिलेला असला, तरी बहुतेक रुग्णांसाठी चुकीचा असतो. स्टेंटने अरुंद झालेली रक्तवाहिनी मोकळी होते. पण तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि बैठी सवय या मूळ कारणांना स्टेंट हात लावत नाही.

त्यासाठी असते हृदय पुनर्वसन, म्हणजेच कार्डियाक रिहॅब. तपासणी करून बेतलेला व्यायाम, आहाराचा सल्ला, तंबाखू सोडवणे, गोळ्यांचे सातत्य आणि मनातली भीती घालवणे, हे सारे काही आठवडे देखरेखीखाली चालते. जगभरातल्या 85 चाचण्यांमधील 23,430 रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात, व्यायामावर आधारित पुनर्वसनामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेले दिसले. पुन्हा झटका येण्याचे आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले.

इतका गुणकारी उपचार मिळतो किती जणांना? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार 203 पैकी 111 देशांतच ही सोय होती. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या 138 देशांपैकी फक्त 55 देशांत ती होती आणि तिथे 66 रुग्णांमागे जेमतेम एक जागा. भारत याच गटात मोडतो.

केवळ पैशाने प्रश्न सुटतो असेही नाही. अमेरिकेत ज्येष्ठांची सरकारी विमा योजना मेडिकेअर अशा 36 सत्रांचा खर्च उचलते, तरी पात्र रुग्णांपैकी साधारण चौघांतला एकच तिथे जातो. डॉक्टर चिठ्ठी देत नाहीत, केंद्र लांब असते, कामावरून सुटी मिळत नाही. स्त्रियांना तर पाठवलेच कमी जाते. आपल्याकडे रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी यायचे, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी दोन्ही सोसावे लागतात.

म्हणून स्वस्त, घराजवळचा मार्ग हवा. भारतातल्या 24 रुग्णालयांत 3,959 रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. 12 आठवड्यांत 13 सत्रे. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्यात ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण जीवनमान सुधारले आणि जास्त रुग्ण पूर्वीच्या कामांकडे वळले. महागडी यंत्रे नसतानाही पुनर्वसन करता येते, हे त्यातून दिसले.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: मी किती चालू? कामावर कधी जाऊ? पुनर्वसनाची सोय कुठे आहे? परवानगी मिळाली की सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वेळ वाढवा. चालताना सहज बोलता यायला हवे. छातीत दुखले, खूप दम लागला किंवा चक्कर आली तर थांबा. त्रास कमी झाला नाही तर लगेच 108 ला फोन करा. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.