गोठ्याला सावली दिलीत, वारा दिलात का?

पोलादपूरचा उन्हाळा आकड्यांत विदर्भापुढे काहीच नाही. पण सावित्रीच्या खोऱ्यातली दमट हवा गाईला जास्त छळते. गाईला घाम बेताचाच. बरीच उष्णता ती श्वासावाटे टाकते आणि दमटपणात तोही मार्ग अडतो. मग वैरण कमी खाते, दूध उतरतं, माजही नीट दिसत नाही. सावलीत उभ्या गाईच्या कुशीची हालचाल मोजा. मिनिटाला 60 च्या वर श्वास म्हणजे ताण सुरू.

बुटका पत्र्याचा गोठा यात भरच घालतो. गरम हवा वर चढते, म्हणून आढ्याला फट हवी: रुंदीच्या दर 10 फुटांमागे साधारण 2 इंच, वर पावसासाठी टोपी. बाजूच्या भिंती कमरेएवढ्याच.

खरी गंमत पावसाळ्यात. झड येते म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री! आत मुताचा अमोनिया कोंडतो, फुप्फुसांना त्रास होतो, ओल्या जमिनीने कासदाह बळावतो. झडीची बाजू झाका, बाकीच्या उघड्या ठेवा.

आपली कोकण कपिला हे हवामान सोसते. संकरित होल्स्टिनला मात्र पंखा लागतोच. नुसते फवारे मारू नका. वारा नसेल तर दमटपणा आणखी वाढतो.