ओले लांब केस आणि मायक्रोफायबरचा टॉवेल

पाण्याने केस फुगतो, केराटिनमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि जरा ओढले तरी तो ताणला जातो. वरचे खवल्यांसारखे आवरणही अशा वेळी किंचित उघडलेले असते. त्यावर टर्किश टॉवेल खसाखसा चोळला, की त्याच्या धाग्यांचे फासे केसांत अडकतात; केस पिंजारतात, टोके दुभंगतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या केसाचे टोक चार-पाच वर्षे जुने, आधीच झिजलेले.

मायक्रोफायबरचा धागा १ डेनियरहून बारीक असतो: ९,००० मीटर लांबीचे वजन १ ग्रॅमही भरत नाही. हे बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉनचे मिश्रण. धाग्यांमधल्या सूक्ष्म फटी केशाकर्षणाने पाणी ओढून घेतात, त्यामुळे घासावे लागत नाही. एकेक बट टॉवेलमध्ये धरून खालून वर नुसती दाबत जावी, पिळू नये. डोक्याला गुंडाळायचा तर सैलसर, कपाळावरचे केस न ताणता. घरातला जुना, मऊ सुती पंचाही हे काम बऱ्यापैकी करतो, कारण त्याला फासे नसतात. मायक्रोफायबर धुताना मात्र फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी कमी शोषतो.