दमट हवेत सुकणारे रोगण

ओल्या हवेत वस्तू वाळत नाही, हे आषाढात दोरीवर टांगलेले कपडे पाहणाऱ्यास निराळे सांगावयास नको. परंतु जपानात एक रोगण असे आहे की, ते कोरड्या हवेत चिकटच राहते आणि दमट, उबदार कपाटात ठेवले म्हणजे घट्ट होते. त्याचे नाव उरुशी. या रोगणकामासाठी प्रख्यात असलेले गाव म्हणजे इशिकावा प्रांतातील, नोतो द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरचे वाजिमा.

उरुशी हा एका वृक्षाचा चीक होय. आपला बिब्बा, काजू आणि आंबा हे त्या वृक्षाचेच भाऊबंद. म्हणून कच्चा चीक अंगास लागला की बिब्बा उतल्यासारखी कातडी सुजते. (सावंतवाडीच्या कातीव वस्तूंवर चढवितात ती लाख किड्यांपासून मिळते, तिची व उरुशीची गल्लत करू नये.) झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले म्हणजे खोडास खाचा पाडतात. साऱ्या हंगामात एका झाडापासून मिळतो सुमारे २०० ग्रॅम चीक, आणि मग ते झाड तोडून टाकतात! या चिकात एक विकर असते. हवेतील प्राणवायू व ओलावा मिळाला की त्याच्या योगाने चिकाचे कण एकमेकांत गुंतून कठीण पापुद्रा होतो. म्हणजे हे सुकणे नव्हेच, थिजणे आहे. असा पापुद्रा आम्लासही दाद देत नाही. उन्हापुढे मात्र तो टिकाव धरीत नाही.

वाजिमाचा विशेष वरच्या झिलईत नसून, जे दिसत नाही त्यात आहे. लाकडी वाडग्याच्या कडा व बूड, म्हणजे जेथे धक्का बसावयाचा तेथे, उरुशीने कापड चिकटवितात. त्यावर गावच्याच डोंगरातील एक विशिष्ट माती भाजून, कुटून व रोगणात कालवून लावतात. सूक्ष्म जलवनस्पतींच्या सांगाड्यांची ही माती सच्छिद्र असल्याने रोगण शोषून दगडासारखी होते. पहिला थर जाडसर, पुढले अधिकाधिक बारीक. प्रत्येक थर थिजू द्यावयाचा, घासावयाचा, मग पुढला. एका वाडग्यास शंभरांहून अधिक क्रिया लागतात. शेवटचा हात धूळ नसलेल्या खोलीत, माणसाच्या केसांच्या कुंचल्याने द्यावयाचा. नंतर कोणी त्यावर रेषा कोरून सोने भरतो, कोणी ओल्या रोगणावर सोन्याची पूड शिंपडतो.

ही कामे एका हाताची नव्हेत. कातारी, लेप देणारा, घासणारा, रंगविणारा, नक्षीकार असे निरनिराळे कारागीर असतात, आणि एकाचे घर बसले की सर्वांचे काम अडते. १ जानेवारी २०२४ रोजी नेमके हेच घडले. ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने वाजिमा हादरले. सकाळच्या प्रसिद्ध बाजाराची पेठ आगीत भस्म झाली. अनेकांच्या कार्यशाळा, अवजारे व अर्धवट झालेली भांडी गेली. सप्टेंबरात अतिवृष्टीने पूर येऊन गावास दुसरा तडाखा बसला. त्याच वर्षी कारागिरांसाठी तात्पुरत्या कार्यशाळा उभारण्यात आल्या, आणि तेथे पुन्हा कापड चिकटविण्यास व माती कालविण्यास आरंभ झाला.