हार्ले परतली, तिचे सगळे डीलर नाहीत

मुंबईतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या पहिल्या डीलरशिपचं नाव होतं 'सेव्हन आयलंड्स', मुंबईच्या सात बेटांवरून. पुण्यातलं दालन 'टू रिव्हर्स', कारण इथे मुळा आणि मुठा. हैदराबादेत 'बंजारा', चंडीगडला 'हिमालयन', बेंगळुरूत 'टस्कर'. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०३ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या डीलरांमध्ये ही पद्धत जगभर दिसते. गाडी परदेशी असली तरी दुकान इथल्याच माणसाचं आहे, हे पाटी वाचताच कळावं.

ही दुकानं भारतात उघडली त्यामागे आंबा आहे. प्रदूषणाचे नियम आणि आयात शुल्क यांच्यात अडकलेल्या हार्लेला वाट मोकळी करण्याची बोलणी भारत आणि अमेरिका यांच्यात बरीच लांबली होती. एप्रिल २००७ मध्ये तोडगा निघाला: भारतानं मोठ्या मोटारसायकलींच्या आयातीचे नियम सैल केले, अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं. त्याच महिन्यात हापूस आणि केशरच्या पेट्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याआधी या आंब्यांवर किरणोत्सार प्रक्रिया झाली ती नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्रानं कांदा टिकवण्यासाठी उभारलेल्या 'कृषक' केंद्रात. कोकणातला बागाईतदार आणि लासलगावची बाजारपेठ यांचा मिलवॉकीच्या मोटारसायकलीशी असा संबंध जोडला गेला.

२००९ मध्ये कंपनीनं भारतात येत असल्याचं जाहीर केलं आणि २०१० मध्ये पहिली दालनं सुरू झाली. पुढच्या वर्षी हरियाणातल्या बावल इथे गाड्यांची जुळणी होऊ लागली. २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये स्ट्रीट ७५० आली, किंमत ४ लाख १० हजार रुपये. हार्ले घेण्याचं स्वप्न पाहणाऱ्या मध्यमवर्गीय तरुणाला पहिल्यांदाच ते हिशेबात बसेल असं वाटलं.

डीलर म्हणजे गाडी विकून कमिशन घेणारा माणूस, असा समज सर्रास आढळतो. तो पार चुकीचा आहे. शहरातल्या मोक्याच्या रस्त्यावरची जागा डीलरनं शोधायची. दालनाची फरशी, दिवे, फर्निचर कंपनीच्या नकाशाबरहुकूम करायचं. टेस्ट राइडच्या गाड्या त्याच्या, वर्कशॉपमधल्या लिफ्ट त्याच्या, खास हत्यारं आणि इंजिनातला बिघाड शोधणारं यंत्रही त्याचंच. हे यंत्र त्या एका कंपनीच्या गाड्यांशीच बोलतं, दुसरीकडे त्याचा उपयोग शून्य. सुटे भाग, जॅकेटं, हेल्मेट यांचा साठा वेगळा. कंपनीकडून गाडी उचलताना पैसे आधी मोजावे लागतात. ते बँकेच्या कर्जातून येतात आणि ग्राहक मिळेपर्यंत व्याजाचं मीटर डीलरच्या खात्यावर चालू राहतं. मेकॅनिक तयार व्हायलाही वेळ लागतो. एका हार्लेच्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा कारागीर नुसत्या जाहिरातीनं मिळत नाही.

एवढं सगळं उभारल्यावर विक्री किती? २०१९-२० या आर्थिक वर्षात हार्लेच्या भारतात २,५०० पेक्षाही कमी गाड्या विकल्या गेल्या आणि डीलर होते ३३. म्हणजे एका दुकानाच्या वाट्याला वर्षाला सरासरी पंच्याहत्तर गाड्या, महिन्याला सहा. हा धंदा नफ्यापेक्षा आशेवर चालला होता, हे स्पष्ट आहे.

आणि ती आशा २४ सप्टेंबर २०२० रोजी तुटली. योखेन झाइट्झ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीनं जगभरातला पसारा आवरायला घेतला होता. त्यात भारतातली विक्री आणि बावलचा कारखाना बंद करत असल्याचं तिनं जाहीर केलं. कोविडमुळे शोरूम आधीच महिनोन्महिने ओस पडली होती. वाहन डीलरांची देशव्यापी संघटना 'फाडा'चं म्हणणं असं की, कंपनीनं डीलरांना याची आधी कल्पनाच दिली नव्हती. संघटनेच्या अंदाजानुसार डीलरांचं ११० ते १३० कोटी रुपयांचं नुकसान होणार होतं आणि सुमारे २,००० लोकांच्या नोकऱ्या जाणार होत्या. कंपनीनं देऊ केलेली भरपाई पुरेशी नाही, असं म्हणत डीलरांनी ती नाकारली.

ग्राहकांची तारांबळ वेगळी होती. वॉरंटीचं काय, ब्रेक पॅड कुठे मिळणार, गाडी विकायला काढली तर भाव किती पडेल? हार्लेचे मालक गटागटानं फिरतात. त्यांच्या रविवारच्या सफरी डीलरच्या दारातून निघत आणि चहा-नाश्ताही तिथेच होई. दुकान बंद पडणं म्हणजे या लोकांचा कट्टाच मोडणं होतं.

पण महिनाभरातच बातमी फिरली. २७ ऑक्टोबरला हार्ले-डेव्हिडसन आणि हीरो मोटोकॉर्प यांनी करार जाहीर केला. हार्लेच्या गाड्या, सुटे भाग आणि सर्व्हिस यांची भारतातली जबाबदारी हीरोकडे गेली आणि हार्लेच्या नावानं इथे नव्या गाड्या बनवण्याचा परवानाही हीरोला मिळाला. संख्येच्या हिशेबात जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी पाठीशी उभी राहिल्यावर मालकांचा जीव भांड्यात पडला.

डीलरांचं चित्र मात्र इतकं सरळ नव्हतं. २०२१ मध्ये हीरोनं जे जाळं जाहीर केलं त्यात पूर्ण डीलरशिप होत्या १४ आणि फक्त सर्व्हिस देणारी केंद्रं ७. आधीच्या ३३ मधून एवढंच उरलं. ब्रँड परत आला असं आपण म्हणतो तेव्हा हा फरक नजरेआड होतो. जे टिकले त्यांनी हिमतीनं दुसऱ्यांदा करार केला. जे टिकले नाहीत त्यांच्या लिफ्ट आणि यंत्रांचा, शिकवून तयार केलेल्या माणसांचा हिशेब कुठल्याही प्रसिद्धिपत्रकात आला नाही.

टिकणाऱ्यांना फळ मिळालं ते जुलै २०२३ मध्ये. हीरोनं हार्लेबरोबर मिळून घडवलेली एक्स ४४० बाजारात आली. एक सिलिंडर, ४४० सीसी, राजस्थानातल्या नीमराणा इथल्या कारखान्यात तयार झालेली, सुरुवातीची किंमत २ लाख २९ हजार. पहिल्या महिनाभरात २५,५९७ गाड्यांची नोंदणी झाली. जुन्या हार्लेला हा आकडा गाठायला दहा वर्षं लागली असती. मात्र ही गाडी फक्त हार्लेच्या दालनांत नव्हे, हीरोच्या निवडक दुकानांतही विकली जाते. पूर्वी हार्ले विकणं हा काही मोजक्या शहरांतल्या मोजक्या डीलरांचा मान होता. आता तो राहिला नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं.

अशी पुनरागमनं आपण आधीही पाहिली आहेत. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव परतलं ते २०१८ मध्ये, आणि डिसेंबरात तिची देशातली पहिली दोन दालनं उघडली ती पुण्यात, बाणेर आणि चिंचवडला. मधली बावीस वर्षं त्या गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या गल्लीबोळातल्या जुन्या मिस्त्रींनी. कारखाना, कंपनी, दुकानं सगळं नवं होतं, जुनं होतं ते फक्त नाव आणि लोकांचं प्रेम.

विक्रीसाठी परत न आलेलेही आहेत. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन आवरतं घेत असल्याचं सांगितलं. प्रत्येक वेळी कर्जाचे हप्ते भरत मागे उरला तो स्थानिक व्यावसायिक.

ज्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी आहे, तिथे डीलरांच्या संरक्षणासाठी १९७४ चा कायदा आहे. सबळ कारणाशिवाय डीलरशी करार तोडता येत नाही, नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि करार संपल्यावर उरलेला माल परत घेण्याचीही तरतूद आहे. आपल्याकडे हा सगळा मामला करारातल्या कलमांवर चालतो, आणि ती कलमं लिहिते कंपनी. भारतात वाहन डीलरांना संरक्षण देणारा कायदा करावा, अशी शिफारस संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनं डिसेंबर २०२० मध्ये केली होती. हार्लेच्या घोषणेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या रस्त्यांवर आज नवनव्या कंपन्यांची, विशेषतः इलेक्ट्रिक दुचाकींची दालनं उघडत आहेत आणि तिथे पैसा ओतणारे बहुतेक जण आपल्याच गावातले आहेत. पुढच्या कंपनीनं गाशा गुंडाळण्याआधी सरकारनं हा कायदा करावा.