फेणे परतला, पण रहस्य?

गाजलेल्या जुन्या रहस्यमालिका कॉमिकच्या पानांवर पुन्हा उभ्या करायची रीत अमेरिकेत चांगली रुजली. ‘बफी’चा आठवा सीझन २००७पासून कॉमिक म्हणूनच निघाला, ‘एक्स-फाइल्स’चा दहावा २०१३मध्ये. कागदावर नटाचं वय वाढत नाही आणि राक्षसांची फौज उभी करायला शाईपलीकडे खर्च नाही. तरी २०१६मध्ये ‘एक्स-फाइल्स’ टीव्हीवर परतली तेव्हा कॉमिकमधलं कथानक तिने खुशाल बाजूला ठेवलं. आपल्याकडे चित्रकथा म्हटलं की आधी आठवतात ते इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ आणि मँड्रेक, तेही बाहेरून आलेले. गाजलेली रहस्यं परतली ती बहुतेक पडद्यावरच. माध्यम कुठलंही असो, ताजेपणाची कसोटी मला एकच दिसते: परत आलेल्या कथेत आजची भीती आहे का?

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणे या कसोटीला सगळ्यांत सोयीचा. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुस्तकांतून १९८७मध्ये दूरदर्शनवर आला, सुमीत राघवनच्या रूपात. नंतर तीस वर्षांनी, २०१७मध्ये, आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला. तोंडातला ‘ट्टॉक्’ तोच. शिवाय फेणे ज्यांच्या घरी उतरतो ते भागवतच, दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेले. हे लाड गोड आहेत, पण चित्रपट तरला तो त्यांच्यावर नव्हे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला मुलगा मरतो, आत्महत्या म्हणून प्रकरण मिटतं आणि मागे परीक्षेचा धंदा निघतो. गिरीश कुलकर्णींचा अप्पा म्हणूनच अंगावर येतो: घराघरातल्या बारावीच्या धास्तीवर त्याचं दुकान चालतं. सत्तरच्या दशकातला चोर तसाच उचलून आणला असता, तर सायकल कितीही जोरात पळवली तरी गोष्ट जागची हलली नसती.

यावर कोणी म्हणेल, प्रेक्षकांना हवं असतं तेच जुनं. खरंच आहे. ‘सीआयडी’ २०१८मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४मध्ये परतली. शिवाजी साटमांची फिरती बोटं आणि दयाने तोडायची दारं लोकांना हवीच होती. ओळखीच्या माणसांना भेटण्यात गैर काहीच नाही, मात्र दार तुटणारच हे ठाऊक असताना त्याला रहस्य म्हणायचं कसं? ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१९मध्ये याच्या नेमकं उलट केलं. २०१६च्या पहिल्या भागात मेलेले अण्णा नाईक दुसऱ्या भागात जिवंत दिसले, कारण त्याची गोष्ट आधीच्या काळातली होती. शेवट सगळ्यांना माहीत होता, म्हणून ‘कोणी केलं’ हा प्रश्न मागे पडला आणि एका घराची सडत जाणारी सत्ता पुढे आली. २०२१च्या तिसऱ्या भागात अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता भुतं होऊन आले, आणि माझ्या मते तिथे मालिका स्वतःच्याच लोकप्रियतेवर जगू लागली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: सगळंच बदलायचं तर जुनं नाव कशाला? कारण नावाबरोबर पात्राची रीत येते. मोठी माणसं ‘तू यात पडू नकोस’ म्हणतात तिथेच फेणे सायकल वळवतो. ही रीत शाबूत ठेवून त्याला पुण्याबाहेर काढायला काय हरकत आहे? जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या उपबाजारात कांद्याच्या पिशव्या फोडून लिलाव चालतात. बाहेर रस्त्याने माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ. रात्री वीज आली की उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. पाचटात काही खसफसलं की तो जागीच थबकतो, कारण जुन्नरच्या उसात बिबट्या असतोच. अशा शेतात एखादा माणूस सापडला आणि पंचनामा होण्याआधीच सगळ्यांनी बिबट्याचं नाव घेतलं, तर ठशांकडे नीट बघायला कोणीतरी लागेल. हे काम चित्रकथेला पडद्यापेक्षा जास्त जमेल: ठसा एका चौकटीत, आणि तो पंजाचा की बुटाचा, ते पान उलटल्यावर.