सांडवा मोकळा हवा

विदर्भातल्या वणीच्या काळ्या मातीला पाणी लागले की ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. चिकण असल्यामुळे ती पाणी चांगले अडवते, म्हणून धरणाच्या भरावात तिचा गाभा करतात. भेगाळते म्हणून दोन्ही अंगांना मुरुमाचे आवरण देतात. थरावर थर दाबत केलेली पाळ पिढ्यान्पिढ्या टिकते. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातले मालगुजारी तलाव याची साक्ष आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाईपर्यंत हे तलाव खासगी मालकीचे होते.

मातीच्या पाळीला सर्वांत घातक काय, तर माथ्यावरून वाहणारे पाणी. काँक्रीटचे धरण ते काही काळ सोसते, माती मात्र धुपत जाते. म्हणून पुराचे पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हाच तिचा खरा रक्षक.

खासगी मालकीच्या, केवळ मौजेसाठी राखलेल्या मातीच्या धरणाची सर्वांत भीषण कहाणी अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनियातले साउथ फोर्कचे ७२ फूट उंच जुने धरण १८७९ मध्ये मासेमारी आणि शिकारीच्या एका क्लबने विकत घेतले. अँड्र्यू कार्नेगींसारखे धनाढ्य उद्योगपती त्याचे सभासद. तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते पुन्हा बसवलेच नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला. सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या ठोकल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्यांत ओंडके आणि पालापाचोळा अडकला. माणसे माथ्यावर माती टाकत राहिली, बाजूने चर खणत राहिली; पण दुपारी धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे गेली. क्लबला कोर्टाने जबाबदार धरले नाही. हा त्या मृतांवर झालेला दुसरा अन्याय.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ ची पानशेत धरणफुटी सर्वांना आठवते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. ही दोन्ही धरणे सरकारी होती. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा खासगी मालकालाही लागू होतो, पण साधारणतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांना; १० ते १५ मीटरची धरणे काही अटींवरच त्यात येतात. शेतातला बंधारा किंवा कृषी पर्यटनासाठी बांधलेला तलाव त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तिथे डोळ्यांत तेल घालून पाहणारा मालकच हवा.

तेव्हा मृग लागण्यापूर्वी आपल्या पाळीवरून एकदा चालून या. उंदीर-घुशींची बिळे बुजवा, बाभळीची रोपे लहान असतानाच उपटा. पायथ्याशी ओल दिसली आणि झिरपणारे पाणी गढूळ असले, तर पाणी उतरवा आणि जलसंधारणाच्या अभियंत्याला बोलवा. आणि मासे राखायचे म्हणून सांडव्याला जाळी कधीही लावू नका.