तूर का उधळते?

मी औसा तालुक्यात कृषी सहायक होते. तूर फुलोऱ्यातून शेंगांत शिरली, की एक तक्रार हमखास यायची. "ताई, परवाच पाणी सोडलंय, वल हाय अजून, तरी तूर वाळायलीय."

शेतात गेलं की वाळलेलं एक झाड मी उपटायला सांगायचे. बुडाची साल खुरप्यानं सोलून खोड उभं चिरायचं. निरोगी तुरीचं लाकूड आतून पांढरट असतं. या खोडात मात्र मुळापासून वर चढलेल्या काळपट रेघा दिसतात. सालीवर बाहेरूनही बऱ्याचदा जांभळट पट्टा असतो. कधी एकच फांदी वाळलेली आणि बाकी झाड हिरवंगार; चिरून पाहावं तर रेघ नेमकी त्याच अंगाला. जमिनीत पाणी आहे, पण वर जायची वाट बुजली आहे.

ही वाट म्हणजे जलवाहिन्या. त्यांच्या पेशी भिंती लाकडासारख्या टणक करून घेतात आणि मरतात, तेव्हाच त्यांची आतून मोकळी नळी होते. मेल्याशिवाय त्या कामाच्या नाहीत. पाणी हलवायला माणसाला काय काय लागतं ते आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. ते भरायला पंप, ओढायला इंजिन, उतरवायला पुन्हा यंत्रणा. तुरीकडे यातलं काहीच नाही. पानांच्या बारीक रंध्रांतून पाण्याची वाफ होते, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे वरून ओढ बसली की ती थेट मुळापर्यंत पोचते. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त असं हवेतच जातं. त्याच पाण्याबरोबर नत्र, पालाश, लोह वर चढतं.

तूर उधळते, म्हणजे उभी वाळते, ती मर रोगानं. त्याची बुरशी, फ्युजेरियम उडम, जमिनीतून मुळात आणि मुळातून या नळ्यांत शिरते. ती आत वाढते, आणि तिला अडवायला झाड स्वतःही डिंकासारखा पदार्थ सोडतं. दोघांच्या झटापटीत नळी बंद. अशा झाडाला पाणी देणं म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया, हे मी स्पष्ट सांगायचे; लोकांना ते आवडायचं नाही.

दुसरी वाट सालीच्या आतल्या बाजूला, रसवाहिन्यांची. त्यांच्या पेशी जिवंत असतात. पानात तयार झालेली साखर त्यांत भरली जाते, शेजारच्या जलवाहिन्यांतलं पाणी आत ओढलं जातं, दाब वाढतो, आणि रस जिथं गरज आहे तिकडं सरकतो: शेंगेकडं, शेंड्याकडं, मुळावरच्या गाठींकडं. म्हणजे पाण्याची वाट बुजली की साखरेचीही अडते. मरीच्या झाडाच्या शेंगा सोलल्या तर दाणे चपटे निघतात ते म्हणूनच. लातूरच्या डाळ मिलवाल्याला असा माल दाखवून बघा!

रसवाहिन्यांची आणखी एक खोड ओळखून ठेवावी. नत्र कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून याच वाटेनं कोवळ्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह असं सहजी काढता येत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असून मुळांना मिळत नाही, आणि उसाची वरची नवी पानं पिवळी पडतात. त्यालाच केवडा म्हणतात. तिथं युरिया टाकून उपयोग नाही, फेरस सल्फेट फवारावं लागतं. दुकानदाराला विचारण्याआधी पिवळं पान वरचं की खालचं एवढं पाहिलं, तरी पैसे वाचतात.

मर लागलेलं झाड मात्र वाचत नाही. जे करायचं ते पेरणीआधी. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं दिलेला बीएसएमआर ७३६ हा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांत टिकतो. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावा. बुरशी धसकटांत दोन-तीन वर्षं तग धरते, तेव्हा त्याच रानात लगोलग तूर नको. ज्वारीत तूर घेतली तर मर कमी राहते, हे प्रयोगांत दिसलं आहे. आमच्याकडं पूर्वी तसंच असायचं; सोयाबीननं ज्वारी हटवली आणि हा फायदाही गेला.

नांदेडकडं, भारी रानांत, कापूसही असाच माना टाकतो, पण कारण वेगळं असू शकतं. मोठ्या उघडिपीनंतर धो धो पाऊस होऊन पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, त्यांचं शोषणं थांबतं, आणि वर पानं तर पाणी मागतच असतात. ही आकस्मिक मर. खोड चिरलं तर आत काळी रेघ नसते. तिथं लगेच चर काढून पाणी बाहेर काढावं आणि वापसा आल्यावर कोळपणी करावी. झाडं उपटायची घाई करू नये, त्यातली काही पुन्हा फुटतात.